२००९चा चॅम्पियन कोण? कोणीच नाही

सिडनीच्या पश्चिमेला वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल, हॅरिस पार्क ह्या पट्ट्यात आपली माणसं एवढी झालीयेत की शनिवारी कोथिंबीर आणायला बाहेर पडलं तरी दोन ओळखीचे भेटतात, पण ह्याच पट्ट्याचा जो स्वतःचा खेळ आहे त्याबद्दल कोणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं, "ते रग्बी ना? नुसती मारामारी असते, आपल्याला नाय कळत." मीही हेच म्हणायचो. मग कुंपणापलीकडच्या आजोबांनी (इथे सत्तरीच्या माणसालाही नावाने हाक मारतात, माझ्या तोंडून काही ते निघत नाही, म्हणून मनातल्या मनात आजोबाच) मला एक मॅच दाखवली आणि म्हणाले, बॉलकडे बघूच नकोस, ह्या एकाच माणसाकडे बघ. तो माणूस म्हणजे नेथन हाइंडमार्श. १९९८ ते २०१२, पॅरामॅटा ईल्स, ३३० मॅच, दुसरा क्लब नाही, आणि ट्रॉफी एकही नाही.

आता आपल्याला वाटतं की एका क्लबला चिकटून राहणं म्हणजे निष्ठा, प्रेम, माती वगैरे. असेलही. पण ह्या खेळात ते त्याहून जास्त गणित आहे, आणि ते गणित कळलं की ३३० हा आकडा वेगळाच दिसायला लागतो.

आधी खेळ कुठला ते. जगात रग्बी दोन आहेत आणि दोन्हीवाल्यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही. भाऊबंदकीच ती, आणि भांडण पैशावरूनच. १८९५ साली इंग्लंडच्या उत्तरेकडच्या क्लबांनी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बसून ठरवलं की आम्ही मूळ संघटनेतून बाहेर पडतो. कारण असं की उत्तरेकडचे खेळाडू खाणीत, गिरणीत काम करणारे होते, शनिवारी खेळायला गेलं की त्या दिवसाची मजुरी बुडायची, क्लब म्हणत होते की ती तरी भरून देऊ द्या, आणि वरचे साहेब लोक म्हणत होते छे छे, खेळ हौसेसाठी असतो, पैसे घेतलेस तर तू जंटलमन नाहीस. (ज्यांचं घर भाड्यावर चालतं त्यांना हौस परवडते, असो.) तर तिथून जी शाखा फुटली ती रग्बी लीग, आणि १९०८ पासून सिडनीत तिची स्पर्धा सुरू आहे, जिचं आजचं रूप म्हणजे एनआरएल, नॅशनल रग्बी लीग. म्हणजे हा खेळच मुळात खाड्याच्या पैशावरून जन्माला आलाय हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

नियम पटकन सांगतो. एका बाजूला १३ जण, ८० मिनिटं, १०० मीटरचं मैदान. बॉल हातात घेऊन पळायचं, समोरच्याच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ट्राय, ४ पॉइंट, मग किक बसली की वर २. बॉल हाताने फक्त मागे किंवा आडवा देता येतो, पुढे नाही. आणि मुख्य गोष्ट म्हणजे तुम्हाला सहा टॅकल मिळतात. कबड्डीत पकड झाली की रेडर बाद, इथे पकड झाली तर बाद नाही, पडायचं, उठायचं, बॉल पायाने मागे सरकवायचा, तुमचाच दुसरा तो उचलतो आणि परत सुरू. असं सहा वेळा पाडलं की बॉल समोरच्यांना, म्हणून पाचव्यानंतर साधारण लाथ मारून तो लांब धाडतात. बस, एवढं कळलं की मॅच बघता येते, ऑफसाइडचे बारकावे मलाही अजून नीट येत नाहीत.

पण आमचा माणूस कुठे आहे ते ह्या सहा टॅकलच्या मधे आहे. १३ जणांत दोन जाती, बॅक आणि फॉरवर्ड. बॅक म्हणजे पळणारे, ट्राय मारणारे, पोस्टरवर येणारे. फॉरवर्ड म्हणजे अंगावर घेणारे. बॉल पुढे रेटायचा आणि समोरचे रेटायला आले की त्यांना पाडायचं. हाइंडमार्श सेकंड-रोवर, म्हणजे फॉरवर्डमधली अशी जागा जिथे प्रॉपसारखं (प्रॉप म्हणजे फॉरवर्डमधले सगळ्यात धिप्पाड) अंगही लागतं आणि जरा पळावंही लागतं.

तर आजोबांनी सांगितल्याप्रमाणे मी दहा मिनिटं त्याच्याकडेच बघितलं. समोरून शंभर किलोचा गडी धावत येतोय, हा पुढे जातो, खांदा त्याच्या बरगड्यांखाली घालतो, दोघंही आपटतात. आता खरी गंमत पुढे आहे, कारण टॅकल झाल्यावर बचाव करणाऱ्यांना १० मीटर मागे जावं लागतं, रेफरी स्वतः १० मीटरवर जाऊन उभा राहतो आणि तुम्ही त्याच्या रेषेत हवेत. म्हणजे हा जमिनीवरून उठणार, चड्डी वर ओढणार (त्याची चड्डी कायम घसरलेली असायची, अख्ख्या ऑस्ट्रेलियाला त्याच्या पार्श्वभागाचं अर्धं दर्शन झालेलं आहे, हा विनोद इथे लहान पोरांनाही माहितीये), मागे पळणार, वळणार, आणि तेवढ्यात पुढचा गडी आलेला असणार. परत खांदा, परत आपट, परत उठ, परत चड्डी. एका सेटमधे सहापैकी तीन टॅकलमधे हा होता. शेवटच्या टॅकलला किक गेली, सगळे मागे पळाले, हाही पळाला, आणि आता आपल्या बाजूचा बॉल आला तर तो घेऊन धडक मारायला परत हाच पुढे. स्कोअरबोर्डवर ह्यातलं काहीही येत नाही. कॉमेंटेटरने त्या दहा मिनिटांत त्याचं नाव घेतलं ते चड्डीवरून.

टॅकलची नोंद ठेवायला लागल्यापासून १०,००० टॅकल पूर्ण करणारा तो पहिला खेळाडू. ३३० मॅचने भागा, मॅचमागे तिसाच्या आसपास येतात. आणि हे बहुतेक वेळा पूर्ण ८० मिनिटं खेळून, कारण मोठाले प्रॉप अर्ध्या तासाच्या आत धापा टाकत बेंचवर जातात आणि नंतर परत येतात, बदल्यांची संख्या मर्यादित असते, त्याच्या काळात २००१ पासून १२ आणि २००८ पासून १०, मग कोचला असा एकतरी बैल लागतोच जो बाहेर जातच नाही, ज्याच्यामुळे बाकीच्यांना बाहेर काढता येतं. क्रिकेटमधे दिवसभर एका टोकाने बॉलिंग टाकत राहणारा असतो ना, विकेट दुसऱ्याला मिळतात, तसलं काम, फक्त इथे प्रत्येक बॉलला कोणीतरी अंगावर येतं.

माणूस मूळचा कुठला? जन्म १९७९चा, बाउरलचा. हो तेच बाउरल, जिथे ब्रॅडमन लहानाचा मोठा झाला, आपल्याकडचे लोक सिडनीला आले की ब्रॅडमनचं म्युझियम बघायला जातात ते गाव. हा वाढला जवळच्या रॉबर्टसनला, बटाट्याची शेती असलेलं गाव, रस्त्याच्या कडेला एक अवाढव्य सिमेंटचा बटाटा उभा आहे, तेच त्या गावाचं प्रेक्षणीय स्थळ. तिथून पॅरामॅटाला आला, १९९८ला पहिल्या टीममधे घुसला, आणि पुढची चौदा वर्षं त्याच्या जर्सीचे रंग निळा आणि पिवळा. मधे न्यू साउथ वेल्सकडून स्टेट ऑफ ओरिजिन (क्वीन्सलंडशी दरवर्षी होणारी राज्याराज्यांतली मालिका) खेळला, ऑस्ट्रेलियाकडून खेळला, म्हणजे बाजारात त्याला किंमत नव्हती अशातला भाग नाही. थोरला भाऊ इअनसुद्धा काही काळ ह्याच क्लबला होता.

आणि क्लब कसला निवडला! पॅरामॅटा हे नाव तिथल्या मूळ धारुग लोकांच्या शब्दावरून आलंय, नदीत ईल मासे पडून असतात ती जागा, आपल्याकडे वाम म्हणतात साधारण तसला मासा, म्हणून क्लबचं नाव ईल्स. १९४७ पासून खेळतात आणि पहिली ट्रॉफी १९८१ला, म्हणजे चौतीस वर्षं थांबून. त्या रात्री लोक इतके खुळावले की आपल्याच क्लबचं जुनं मैदान, कंबरलँड ओव्हल, त्याचा स्टँड जाळून टाकला. आनंदाने! मग ८२, ८३, ८६ अशा अजून तीन ट्रॉफ्या आणि तिथून आजपर्यंत शून्य. हाइंडमार्श आला तेव्हा पब्लिक बारा वर्षं उपाशी होती, गेला तेव्हा सव्वीस.

आता ते गणित. एनआरएलमधे सॅलरी कॅप असते. प्रत्येक क्लबला वर्षाला खेळाडूंवर खर्च करायची एक वरची मर्यादा, ती सगळ्यांना सारखी, श्रीमंत क्लब असो की गरीब. २००९च्या सुमारास ती चाळीस लाख डॉलरच्या आसपास होती, आणि त्यात २५ जणांना बसवायचं. हेतू चांगला आहे, एकाच क्लबने सगळे चांगले खेळाडू विकत घेऊ नयेत. पण ह्याचा निष्ठेवर काय परिणाम होतो बघा. समजा तुम्ही चार पोरं गावातून आणली, शिकवली, तयार केली, चौघंही एकदम देशाकडून खेळायला लागली. आता चौघांची बाजारातली किंमत तिप्पट झाली, पण तुमची पिशवी तेवढीच. चौघांना बाजारभाव द्याल तर उरलेल्या एकवीस जणांना चहापाण्यावर ठेवावं लागेल. म्हणजे एकतर चौघांतल्या एकाने जायचं, नाहीतर चौघांनीही कमी घ्यायचं. घरातल्या लग्नासारखंच आहे, बजेट ठरलेलं, हॉल वाढवला की जेवणातला एक पदार्थ जातो.

म्हणून इथे "मी राहतो" ह्या वाक्याचा अर्थ पुष्कळदा "मी कमी घेतो" असा होतो. क्लबने हाकललं म्हणून जाणारे असतात, लोभाने जाणारेही असतात, पण बरेचसे नुसते बेरीज जमत नाही म्हणून जातात. लीगलाही हे कळतं, म्हणून बरीच वर्षं एकाच क्लबला काढणाऱ्या खेळाडूच्या पगाराचा थोडा हिस्सा कॅपमधे न धरण्याची सवलत ठेवलेली आहे. थोडाच. आणि अजून एक विचित्र प्रकार आहे, फुटबॉलसारखी इथे ट्रान्सफर फी भरून पळवापळवी सहसा होत नाही, करार संपतो आणि माणूस जातो, पण करारातलं शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधीच, १ नोव्हेंबरपासून, तो दुसऱ्या क्लबशी बोलू शकतो आणि सहीसुद्धा करू शकतो. म्हणजे मार्चमधे सीझन सुरू होतो तेव्हाच सगळ्यांना माहीत असतं की हा पुढच्या वर्षी समोरच्यांकडे जाणारे, आणि तरी तो वर्षभर तुमच्याकडून खेळतो, तुम्ही त्याच्यासाठी ओरडता. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आजोबांना म्हणलं, नोटीस पिरियड आहे हा तर, ते म्हणाले हो, पण तुमच्या ऑफिसात नोटीस पिरियडवाल्याला कोणी दर आठवड्याला टॅकल करायला सांगत नाही.

त्यात फॉरवर्डचं आयुष्य कमी. खांदे, गुडघे, मान, सगळं तिशीत बोलायला लागतं. म्हणून तिशीच्या आसपास बरेच जण इंग्लंडच्या सुपर लीगमधे जातात, पाउंडात कमावतात, शेवटची दोन-तीन वर्षं गोड करून घेतात, आणि त्यांना कोणी नावं ठेवू नयेत असं माझं प्रामाणिक मत आहे, शरीर त्यांचं आहे. हाइंडमार्श गेला नाही एवढंच.

ह्या बदल्यात त्याला काय मिळालं? २००१ घ्या. त्या वर्षी पॅरामॅटाची टीम म्हणजे वादळ, २६ पैकी फक्त ४ मॅच हरले, सीझनमधे ८३९ पॉइंट केले, तो तेव्हाचा विक्रम. फायनल न्यूकॅसलशी, पहिल्यांदाच रात्री खेळवलेली फायनल, आणि सगळे धरून चाललेले की आता नुसतं कप उचलायला जायचंय. हाफ टाइमला स्कोअर २४-० न्यूकॅसल. दुसऱ्या हाफमधे ईल्सने २४ पॉइंट केले, पण न्यूकॅसलने अजून ६ केले होते. ३०-२४. आजोबा त्या मॅचबद्दल बोलत नाहीत, म्हणजे आपण विषय काढला तर बागेत पाणी घालायला जातात.

२००५ला पुन्हा लीगमधे पहिला नंबर, आणि सेमीफायनलसारखी जी मॅच असते त्यात नॉर्थ क्वीन्सलंडकडून २९-०.

आणि मग २००९. सीझनच्या मधे टीम चौदाव्या नंबरवर, तेव्हा सोळा क्लब होते एकूण, म्हणजे काय ते समजा. मग जॅरिड हेन नावाच्या पोराला अचानक काहीतरी झालं, तो असा खेळायला लागला की बघणारे खुर्चीवर उभे राहायचे, आणि टीम रेटत रेटत आठव्या नंबरवर आली, आठच जणांना पुढे जाता येतं. पहिल्याच नॉकआउटमधे अव्वल नंबरच्या सेंट जॉर्जना हरवलं, मग गोल्ड कोस्ट, मग शेजारच्या बुलडॉग्सना, त्या मॅचला ७४,५४९ माणूस. आठव्या नंबरवरून फायनलला पोचलेली पहिली टीम. सगळी स्टोरी हेनची, साहजिकच आहे, पण हेन उजव्या-डाव्या बाजूने नाचत जायचा ते मधल्या लोकांनी आधी कोणाचीतरी कंबर मोडलेली असायची म्हणून, आणि तिथे तिशीतला हाइंडमार्श आणि कॅप्टन नेथन केलिस. (केलिसही तसाच, न्यूझीलंडला २००८चा वर्ल्ड कप जिंकून देणारा कॅप्टन, क्लब मात्र कायम पॅरामॅटा, ट्रॉफी नाही.) फायनल मेलबर्न स्टॉर्मशी. हरले, २३-१६.

सहा महिन्यांनी, २२ एप्रिल २०१०ला लीगने जाहीर केलं की मेलबर्न स्टॉर्म वर्षानुवर्षं सॅलरी कॅप तोडत होते. पद्धत आपल्याला समजावून सांगायची गरज नाही, दोन वह्या. लीगला दाखवायला एक करार आणि खेळाडूला खरे पैसे द्यायला दुसरा. फ्लॅट घेताना आपल्याकडे जे व्हाइट आणि ब्लॅक चालतं तेच. चौकशीत आकडा पाच वर्षांत मिळून तीस लाख डॉलरच्या वर गेला. आता मघाचं ते लग्नाचं बजेट आठवा, बाकी सगळे पदार्थ कमी करतायत आणि एका घरात हॉलही मोठा आणि जेवणही पंचपक्वान्न. स्टॉर्मकडे कॅमेरन स्मिथ, बिली स्लेटर, कूपर क्रॉन्क, ग्रेग इंग्लिस असे चौघं एकत्र होते, आणि सगळे म्हणायचे, मॅनेजमेंट काय भारी आहे.

शिक्षा जबर झाली. २००७ आणि २००९, दोन्ही ट्रॉफ्या काढून घेतल्या, मोठा दंड, आणि २०१०च्या सीझनमधे त्यांना शून्य पॉइंटवर खेळवलं, म्हणजे जिंका नाहीतर हरा, टेबलमधे तळालाच. त्यांनी तरी १४ मॅच जिंकल्या आणि शेवटचे आले. नंतर कॅपमधे बसण्यासाठी इंग्लिसला सोडावं लागलं. पण काढून घेतलेली २००९ची ट्रॉफी पॅरामॅटाला दिली नाही, कोणालाच दिली नाही. रेकॉर्डमधे ती जागा रिकामी आहे.

आता इथे पॅरामॅटावाल्यांना बिचारे म्हणायची घाई करू नका, कारण २०१६ला त्यांचीच वही सापडली. कॅप तोडल्याबद्दल १२ पॉइंट कापले, दहा लाख डॉलर दंड, कारभारी मंडळींची हकालपट्टी. हाइंडमार्श तेव्हा रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, टीव्हीवर पॅनेलमधे बसून हसवत होता, त्याचा संबंध नाही. पण क्लबवरचं प्रेम वगैरे म्हणतो ना आपण, तर क्लब म्हणजे हेही असतं, आणि जर्सी तीच असते.

त्याचा शेवटही सिनेमातल्यासारखा झाला नाही. २०१२, कोच सीझनच्या मधेच गेला, टीम सोळापैकी सोळावी, इथे त्याला वुडन स्पून म्हणतात, लाकडी चमचा. त्याच वर्षी त्याच्यासोबत लूक बर्टही रिटायर झाला, विंगवर खेळणारा, तोही पहिल्यापासून पॅरामॅटाचाच. तळाच्या टीमच्या मॅचला साधारण कोण येतं, पण ह्या दोघांना निरोप द्यायला लोक आले, आजोबाही नातवाला घेऊन गेले होते. मी विचारलं काय लक्षात आहे, म्हणाले पार्किंग मिळालं नाही.

आजोबांच्या गॅरेजमधे एक जुना फ्रिज आहे, फक्त बिअरसाठी, आणि त्याच्या दारावर त्यांनी हाताने लिहिलेली यादी चिकटवलेली आहे, वर्ष आणि त्या वर्षीचा चॅम्पियन, १९४७ पासून, चार ठिकाणी निळ्या पेनने अधोरेखित. २००७ समोर आडवी रेघ. २००९ समोरही आडवी रेघ. मागच्या महिन्यात त्यांची शिडी परत द्यायला गेलो तेव्हा मी गंमतीत म्हणलं, काका, घर तुमचं, फ्रिज तुमचा, तिथे पॅरामॅटा लिहून टाका की, कोण विचारणारे. त्यांनी यादीकडे बघितलंसुद्धा नाही. "त्या दिवशी मी तिथे होतो, आपण हरलो होतो," म्हणाले, आणि दार उघडून आत कुठली थंड आहे ते चाचपायला लागले.